बुद्धिबळ इंजिनाची इंटरफेसशी जोडणी

चाली शोधणारा प्रोग्रॅम म्हणजे इंजिन आणि पट, सोंगट्या, घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे इंटरफेस. हे दोन्ही बहुधा वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात, म्हणून त्यांची गाठ घालून द्यावी लागते. स्टॉकफिशसारख्या इंजिनाला स्वतःचा पट नसतो. डाउनलोड केलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केले की एक काळी खिडकी उघडते, तीत नावाची एक ओळ उमटते आणि पुढे काहीच घडत नाही. दादर-पार्ल्याच्या बुद्धिबळ वर्गांत नव्याने येणाऱ्या मुलांचे पालक इथेच अडतात. इंजिन बिघडलेले नसते. समोरून कोणी काही विचारेल याची ते वाट पाहत असते.

विचारायचे कसे, याची भाषा ठरायला बराच काळ गेला. सुरुवातीची अनेक व्यावसायिक इंजिने आपापल्या कंपनीच्या इंटरफेसमध्येच चालत. ग्नू चेस या मोफत इंजिनासाठी बनलेल्या एक्सबोर्ड या इंटरफेसमधून आणि टिम मान यांच्या विनबोर्डमधून पहिला खुला प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम, रूढ झाला. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेव्हा आज सर्वत्र चालणारा यूसीआय (युनिव्हर्सल चेस इंटरफेस) प्रोटोकॉल अस्तित्वातच नव्हता. तो नोव्हेंबर २००० मध्ये आला. श्रेडर इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-काहलेन आणि रुडोल्फ हूबर यांनी तो तयार केला.

यूसीआयचे खरे यश त्याच्या ओळख परेडीत आहे. इंटरफेस ‘यूसीआय’ एवढाच शब्द पाठवतो. इंजिन आपले नाव, कर्त्याचे नाव आणि आपल्यात कोणकोणत्या गोष्टी बदलता येतात त्यांची यादी सांगते, आणि ‘यूसीआयओके’ म्हणून थांबते. यादीतील प्रत्येक पर्यायाचा प्रकारही त्यात असतो: हो-नाही, किमान-कमाल मर्यादेतील आकडा, ठरावीक पर्यायांतील निवड, नुसते बटण किंवा मजकूर. त्यावरून इंटरफेस सेटिंगची खिडकी स्वतः बनवतो. इंजिन लिहिणाऱ्याला खिडकी काढावी लागत नाही आणि इंटरफेस लिहिणाऱ्याला ते इंजिन आधी पाहिलेले असावे लागत नाही. पुढे प्रत्येक वेळी पूर्ण स्थिती, म्हणजे आरंभापासूनच्या सगळ्या चाली, पुन्हा पाठवली जाते आणि उत्तरादाखल एक चाल येते. विनबोर्ड पद्धतीत इंजिनाला डाव स्वतः लक्षात ठेवावा लागतो. एका पद्धतीचे इंजिन दुसऱ्या पद्धतीच्या इंटरफेसला जोडण्यासाठी दुभाषेही झाले. फाबियां लतूझे यांचा पॉलिग्लॉट त्यांपैकी प्रसिद्ध.

मात्र बोलायचे कसे हे ठरले, तरी इंजिन सापडायचे कुठे हे यूसीआयने ठरवले नाही, आणि जोडणीतल्या बऱ्याच कटकटींचे मूळ तिथे आहे. अरेना, क्यूट चेस, स्किड यांसारख्या प्रत्येक इंटरफेसमध्ये तेच इंजिन पुन्हा दाखवून द्यावे लागते. इंटरफेस फाइलचा पूर्ण पत्ता टिपून ठेवतो. नंतर डाउनलोड फोल्डर आवरला की इंजिन बेपत्ता. झिप न सोडवता आतूनच फाइल उघडणे ही तर नेहमीची चूक. लिनक्सवर एक्सबोर्डने यावर चांगला तोडगा काढला: इंजिनाने ठरलेल्या फोल्डरात स्वतःच्या वर्णनाची छोटी फाइल ठेवायची आणि इंटरफेसने ती वाचून इंजिन आपल्या यादीत घ्यायचे. ही रीत सर्वत्र रुळायला हवी होती. तसे झाले नाही.

दुसरा अडथळा प्रोसेसरचा. वेगासाठी एकाच इंजिनाच्या अनेक आवृत्त्या बांधल्या जातात. एव्हीएक्स२ सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर हिशोब करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा) वापरणारी आवृत्ती इंटेलच्या २०१३ नंतरच्या मुख्य प्रोसेसरांवर पळते. पण स्वस्त सेलेरॉन आणि पेंटियममध्ये त्या सूचना नंतरही कित्येक वर्षे नव्हत्या. म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना लॅपटॉप वरून ठाकठीक दिसतो, आणि सर्वांत वेगवान म्हणून उतरवलेले इंजिन उघडताक्षणी मरते. ‘यूसीआयओके’ येतच नाही, आणि इंटरफेस फक्त ‘इंजिन प्रतिसाद देत नाही’ एवढे सांगतो. पत्ता चुकला, फाइल अपुरी आली की प्रोसेसर जुना, सगळ्या दुखण्यांना हे एकच नाव! अशा वेळी जुन्या प्रोसेसरवरही चालणारी, कमी अपेक्षेची आवृत्ती घेऊन पाहणे हा सोपा उपाय.

सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून इंजिनाच्या मूल्यमापनात, म्हणजे स्थिती कोणाला किती चांगली हे ठरवण्यात, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेले गणिती जाळे) आले. त्याची फाइल वेगळी ठेवायला लावली असती तर गोंधळ वाढला असता, म्हणून अधिकृत आवृत्तीत ती प्रोग्रॅमच्या पोटातच घातलेली असते. लीला चेस झीरो या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या दुसऱ्या इंजिनाला नेटवर्कची फाइल आणि ग्राफिक्स कार्डाला साजेशी आवृत्ती, दोन्ही जुळवावे लागतात.

मोबाइलवर चित्र वेगळे. अँड्रॉइडसाठीच्या ओपन एक्स्चेंज पद्धतीत इंजिन साध्या ॲपसारखे बसते आणि ड्रॉइडफिशसारखे इंटरफेस त्याला आपणहून ओळखतात. पत्ता दाखवणे नाही, झिप सोडवणे नाही. लोकलमध्ये उभ्याने डाव तपासणाऱ्याला हे सोयीचे, आणि बोगद्यात नेट गेल्यावरही चालते. आयफोनवर मात्र एका ॲपला दुसरा प्रोग्रॅम चालू करण्याची मुभा नाही, त्यामुळे इंजिन ॲपमध्येच मुरवावे लागते. ब्राउझरमध्ये चालणारे स्टॉकफिश बसवावेच लागत नाही, मात्र त्याचा वेग कमी पडतो.

अंत्यखेळाच्या सिझिजी तक्त्यांचा, म्हणजे थोड्या सोंगट्या उरलेल्या स्थितींचे निकाल आधीच काढून ठेवलेल्या फाइलींचा, मार्गही इंजिनाला सांगावा लागतो. पाच सोंगट्यांपर्यंतचे तक्ते १ जीबीहून थोडे कमी, सहाचे सुमारे १५० जीबी. सातचे १८ टीबीच्या आसपास, म्हणजे घरच्या साध्या संगणकात ते मावायचे नाहीत.

इंजिन जोडले गेले तरी काम अर्धेच होते. स्टॉकफिश मूळ सेटिंगवर एकच थ्रेड (एका वेळी चालणारा हिशोबाचा धागा) आणि १६ एमबी हॅश (काढलेले हिशोब साठवायची मेमरी) वापरते. काही इंटरफेस हे आकडे स्वतः वाढवतात, काही तसेच ठेवतात. त्यामुळे एकाच वर्गातील दोन लॅपटॉपवर तीच स्थिती, तेच इंजिन आणि तेवढाच वेळ असूनही मूल्यांकन वेगळे दिसते, आणि मुले इंजिनाला दोष देतात.