एक परका ‘ए’

छापखान्यातल्या खिळ्याला, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षराला, आयुष्य थोडं. शिसं मुळात मऊ. अँटिमनी हा धातू मिसळून त्याला कडकपणा आणला, तरी दाबाखाली अक्षराच्या कडा बोथट होतातच. मग खिळे वितळवायचे आणि नवे ओतायचे. त्यामुळे सोळाव्या शतकातली पुस्तकं आजही हाताळता येतात, पण ती ज्या खिळ्यांनी छापली ते बहुतेक कधीच भट्टीत गेले.

मागे उरलं तर उरतं ते खिळ्याचं मूळ. पोलादी कांडीच्या टोकावर कारागीर कानशीनं उलटं अक्षर कोरतो. हा ठसा. मग तो कांडी तापवून पाणी देतो आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतो. तांब्यात सुलट खळगा उमटतो. हा झाला साचा. त्यात धातू ओतला की उलटा खिळा, आणि कागदावर पुन्हा सुलट अक्षर.

असे ठसे नि साचे हजारोंनी पाहायचे तर बेल्जियममधल्या अँटवर्पला जावं. ख्रिस्तोफ प्लांटिननं १५५५ मध्ये तिथे छापखाना सुरू केला. तो एकाच घराण्यात सुमारे तीनशे वर्षं चालला, आणि १८७६ मध्ये शहरानं तो घरासकट विकत घेऊन त्याचं संग्रहालय केलं. दप्तरही शाबूत होतं: हिशेबाच्या वह्या, पत्रं, ठशा-साच्यांच्या याद्या. जगातली सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रं इथलीच, साधारण १६०० च्या सुमाराची. मला मात्र त्या वह्यांचं जास्त अप्रूप वाटतं. ठशावर कोरणाऱ्याची सही नसते. ती शोधायची तर जमाखर्चच चाळावा लागतो.

या संग्रहानं एक गंमतही करून ठेवली आहे. १९१३ मध्ये छपाईची अक्षरं बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीनं ‘प्लांटिन’ नावाचा टाइप, म्हणजे अक्षरसंच, काढला. त्याला नमुना होता संग्रहालयानं छापलेला, सोळाव्या शतकातला फ्रेंच ठसे-कारागीर रोबेर ग्राँजाँ याच्या अक्षरांचा तक्ता. तक्त्यातला रोमन लिपीचा छोटा ‘ए’ मात्र ग्राँजाँचा नव्हताच. पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणी कोरलेला तो संचात मिसळला होता. कंपनीनं तोही इमानेइतबारे गिरवला! बाकीची अक्षरं एका कुळातली आणि मधेच हा पाहुणा. पुढे ‘टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्रासाठी नवा टाइप आखताना मोनोटाइपचे सल्लागार स्टॅनली मॉरिसन यांनी आधार घेतला तो याच प्लांटिनचा. १९३२ मध्ये तो वापरात आला. आपल्या संगणकावरचा टाइम्स न्यू रोमन तो हाच.