तोराजांचे रेडे आणि वहीतलं देणं

इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीच्या डोंगरांत राहणाऱ्या तोराजांच्या अंत्यविधीला ‘रांबू सोलो’ म्हणतात. त्यात कापलेल्या रेड्यांचे फोटो जगभर फिरतात. त्यांत न दिसणारी वही मला जास्त महत्त्वाची वाटते.

‘आलुक तो दोलो’ या पूर्वजांच्या धर्मात रेडा मृताला ‘पुया’ या परलोकी पोचवतो. विधी होईपर्यंत माणूस मेला असं म्हणतच नाहीत. तो ‘आजारी’ म्हणून घरातच राहतो, कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. तेवढ्यात रेडे जमवायचे. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून सगेसोयरे रेडे आणि डुकरं घेऊन येतात. यजमानांकडचा एक जण वहीत लिहून घेतो: कोणी आणला, केवढा, शिंगं किती लांब. शिंगाची लांबी हाताला लावून मोजतात. पुढे जनावर आणणाऱ्याच्या घरी कोणी वारलं की तोलामोलाचं जनावर न्यावंच लागतं. स्वतःला जमलं नाही, तर मुलं फेडतात. आईवडिलांसाठी जास्त रेडे कापणाऱ्या मुलाला भातशेतीचा मोठा वाटा मिळायचा, हेही त्यातच आलं.

या व्यवहाराला काळी बाजू होती, ती झाकू नये. रेड्यांसाठी शेतं गहाण पडत, आणि तोराजा समाजात कर्जापायी गुलाम झालेल्यांचा वेगळा वर्गच होता. १९०६ मध्ये डच सैन्य डोंगरात शिरलं, गुलामांचा व्यापार थांबला. १९१३ मध्ये आलेल्या व्हान द लोसद्रेख्त या मिशनऱ्याने अंत्यविधींतल्या उधळपट्टीविरुद्ध आघाडी उघडली. १९१७ मध्ये त्याचा खून झाला. लोकांच्या रागामागे डचांचे करही होते. पुढे चर्चने मधला मार्ग काढला: मृताला नैवेद्य नको, पण मांसाचे वाटे चालतील. त्यामुळे धर्म बदलला तरी वही चालू राहिली.

१९७० च्या दशकापासून बाहेरगावी कमावणाऱ्यांचा पैसा घरी येऊ लागला. पूर्वी मोठे विधी उच्चकुळींनाच करता येत. आता साध्या घरांनाही करता येऊ लागले. रांतेपाओ या गावाजवळच्या बोलू बाजारात पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या ‘सालेको’ रेड्याला साध्या रेड्याच्या कितीतरी पट किंमत पडते. मुलांच्या शिक्षणाचे पैसे रेड्यात जातात, ही तक्रार तोराजा घरांतूनच ऐकू येते आणि ती खरी आहे. तरीही वही बंद करायला फारसं कोणी धजत नाही. देणं चुकतं करून नवं घ्यायला नकार देणं म्हणजे त्या घराशी सोयरीक तोडणं.