फूड बँक वेगळी आणि फूड रेस्क्यू वेगळं

मोठा कार्यक्रम संपतो, चार पातेली तशीच भरलेली राहतात आणि कुणीतरी उत्साहाने म्हणतं, "फूड बँकेला फोन करा ना!" फोन लागतो, पलीकडून नकार येतो आणि मग सुरू होतं, "यांना फुकट दिलेलंसुद्धा नकोय." त्यांना नको होतं असं नाही हो, तुमचा नंबर चुकला होता. हा घोळ इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच टाकतो.

फूड बँक बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. ते एक गोदाम असतं. कोरडा शिधा, डबाबंद आणि पाकीटबंद माल येतो, तारखा तपासून रॅकवर लागतो आणि छोट्या संस्थांमार्फत घरोघरी जातो. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली सेंट मेरीज फूड बँक ही जगातली पहिली मानली जाते.

फूड रेस्क्यू म्हणजे आज शिजलेलं, किंवा आज-उद्या खराब होणारं अन्न उचलायचं आणि त्याच दिवशी जेवणाऱ्यांपर्यंत न्यायचं. न्यूयॉर्कमध्ये सिटी हार्वेस्ट हे काम १९८२ पासून करते आहे. यात भांडवल म्हणजे गाड्या, झाकणाचे डबे, थर्मामीटर आणि फोन उचलणारी माणसं.

दोन्हीकडे अन्न दानातूनच येतं, दोन्हीकडे स्वयंसेवक राबतात आणि कित्येक संस्था दोन्ही कामं करतात. त्यामुळे नावावर जाऊ नका.

खरी गोम आहे क्रमात. बँकेत अन्न आधी येतं आणि खाणारा नंतर ठरतो. डाळीचं पोतं महिनाभर थांबलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. रेस्क्यूमध्ये खाणारा आधी ठरावा लागतो, त्यानंतरच पातेलं जागचं हलतं. शंभर जणांचं जेवण उचललं आणि गाडीत बसून "कुठे द्यायचं?" अशी फोनाफोनी सुरू केली, तर ते वाचवणं नव्हेच. वाया जाण्याची जागा तेवढी बदलली, तुमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या गाडीत.

ही घाई कशासाठी, तेही नीट समजून घ्या, कारण सुशिक्षित माणसं इथेच अडखळतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि परिस्थिती अनुकूल असली तर काहींची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते. शिजवताना सगळे मरतात हा समज चुकीचा आहे. बॅसिलस सिरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची जाड कवचातली झोपलेली रूपं, शिजवूनही तग धरतात आणि अन्न कोमट झालं की जागे होतात. त्यात खोल पातेलं, वर घट्ट झाकण. कडेला गार वाटतं, पण मधला भाग तासन् तास कोमट राहतो. आपण ज्याला "नीट झाकून ठेवलंय" म्हणतो, ती बहुतेकदा सगळ्यात वाईट अवस्था असते. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा संहितेत शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत आणायला सांगितलंय. मोठ्या पातेल्यात हे जमत नाही. उथळ ट्रेमध्ये पसरावं लागतं, नाहीतर देईपर्यंत ६० च्या वर गरम ठेवावं लागतं.

"मग पुन्हा उकळून देऊ की!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. बॅसिलस सिरियसचं उलट्या करवणारं विष भातासारख्या पिठूळ अन्नात एकदा तयार झालं की उकळून जात नाही. त्या विषाला ना वास असतो ना चव, म्हणजे चाखून पाहण्यातही अर्थ नाही. रेस्क्यूवाले "किती वाजता शिजलं?" हे तीन-तीनदा विचारतात ते म्हणूनच. त्यांच्यावर चिडू नका. न विचारता पातेलं उचलणाऱ्यांना मात्र मी तरी अन्न देणार नाही.

यातूनच माझं एक ठाम मत झालंय. वाढून झालेल्या, लोकांचे हात लागलेल्या ताटांतलं काहीही यात मिसळू नये. आणि रेस्क्यूला फोन कार्यक्रम संपल्यावर करायचा नसतो. आदल्या दिवशी करायचा, अन्न उरणार की नाही हे माहीत नसतानाच. नाही उरलं तर त्यांना आनंदच होतो, कारण कमी शिजवणं हे वाटण्याच्याही आधी येतं.

जाता जाता आणखी एक गैरसमज. या दोन्ही गोष्टींनी वाया जाणाऱ्या अन्नाचा प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं. तुमच्या फ्रिजमधल्या परवाच्या वाटीसाठी कुठलीच गाडी येणार नाही.

तर, कोरडं, बंद आणि तारीख शिल्लक असलेलं असेल तर बँक. शिजलेलं असेल तर रेस्क्यू, आणि फोनवर एवढं सांगा: किती माणसांचं आहे, किती वाजता शिजलं, तेव्हापासून गरम ठेवलंय की गार, आणि गाडी कुठल्या दाराशी लावायची. पातेली परत कधी मिळतील, हे नंतर विचारा.