पेटीतल्या पाखराची मींड

तपकिरीच्या डबीएवढी सोन्याची पेटी. पुढच्या कडेला एक बारीकशी खुंटी. ती सरकवली की वरचं लंबगोल झाकण टपकन उघडतं आणि अंगठ्याच्या पेराएवढं पाखरू ताडकन उभं राहतं. चोच उघडते-मिटते, शेपूट हलते, पंख फडफडतात, अंग डावी-उजवीकडे वळतं आणि हे सगळं चालू असताना पाखरू गात असतं. वीसेक सेकंदांनी गाणं थांबतं, त्याच क्षणी ते आडवं होतं आणि झाकण मिटतं.

18व्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये अशा पेट्या तयार होऊ लागल्या. एडिसनचा फोनोग्राफ आला 1877 मध्ये. म्हणजे आवाज साठवायची कुठलीच सोय नसलेल्या काळात हे गाणं कुठेतरी ठेवलेलं होतं. ते होतं पितळेच्या चकतीच्या काठावर, कानशीने घासून कोरलेलं.

गाणारी यांत्रिक पाखरं त्याहून कितीतरी जुनी आहेत. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पाण्याच्या दाबावर शीळ घालणारे पक्षी वर्णन करून ठेवले आहेत. बंद भांड्यात पाणी शिरलं की आतली हवा शिट्टीतून बाहेर पडते, एवढंच तत्त्व. पुढे 18व्या शतकात फ्रान्समध्ये ‘सेरिनेत’ नावाची हातपेटी आली. तिच्यात लहान लहान नळ्या, एक भाता आणि खिळे ठोकलेला लाकडी रूळ असे. दांडा फिरवून तीच तीच धून वाजवायची आणि पिंजऱ्यातल्या कॅनरीला ती शिकवायची! शार्दँ या चित्रकाराने 1751 मध्ये काढलेल्या चित्रात एक बाई पिंजऱ्यासमोर बसून अशीच पेटी वाजवताना दिसते.

या नळ्यांची अडचण आपल्याला बाजाच्या पेटीवरून चटकन कळेल. पेटीवर सा वाजतो, रे वाजतो, पण सा वरून रे वर घसरत जाता येत नाही. मींड निघत नाही. सेरिनेतमध्ये प्रत्येक नळीचा सूर ठरलेला. कुक्कू घड्याळातही तेच, दोन भाते आणि दोन शिट्ट्या, म्हणून ‘कु’ आणि ‘क्कू’ असे दोनच सूर. कोकिळेची हाक नीट ऐका. ती एका सुरावर उभी राहत नाही, चढत जाते. दयाळ, बुलबुल यांचं गाणं तर सगळं सुरांच्या मधल्या वाटांमध्येच असतं. पक्ष्याचा आवाज काढायचा तर पेटी पुरत नाही, गळा लागतो.

हा गळा घडवला तो जाके-द्रो मंडळींनी. पिएर जाके-द्रो (1721–1790) हा स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातल्या ला शो-द-फों गावचा घड्याळजी. तो, त्याचा मुलगा आंरी-लुई आणि त्यांच्याबरोबरचा जाँ-फ्रेदेरिक लेशो यांनी मिळून कागदावर खरोखर अक्षरं लिहिणारा यांत्रिक मुलगा बनवला. तो आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात लिहितो. 1780 च्या दशकात त्यांच्या पाखरांमधून अनेक नळ्या गेल्या आणि एकच शिट्टी आली. त्या शिट्टीच्या आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या होता.

हे घरी करून बघता येतं. सुई नसलेली दहा मिलिलीटरची नवी सिरिंज घ्या, तिचं टोक कापून टाका आणि उघड्या तोंडावरून आडवी फुंकर मारत दट्ट्या हळूहळू आत-बाहेर करा. सूर घसरत वर जातो, खाली येतो. एका बाजूने बंद नळीत उमटणाऱ्या मूळ सुराची तरंगलांबी नळीच्या चौपट असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर 4.3 सेंटिमीटर लांबीला सुमारे 2,000 हर्ट्झचा सूर मिळतो आणि निम्म्या लांबीला 4,000 चा. म्हणजे दट्ट्या जेमतेम दोन सेंटिमीटर सरकला की सबंध सप्तक पार! तेही मधली एकही श्रुती न गाळता.

पण याच हिशेबात कारागिराची परीक्षा दडलेली आहे. खालच्या टोकाला दट्ट्या एक मिलिमीटर हलला तर सूर पन्नासेक हर्ट्झने बदलतो, वरच्या टोकाला तेवढ्यानेच जवळपास दोनशेने. गाणं जितकं वर, तितकी चूक महाग. दट्ट्याला हलवते एक तरफ आणि तरफेचं टोक टेकलेलं असतं फिरत्या चकतीच्या काठावर. काठाला उंचवटा आला की दट्ट्या एकीकडे सरकतो, खाच आली की दुसरीकडे. त्या काठावरून कानस केसभर जास्त फिरली तर पाखराची तान बेसूर. घासून गेलेलं पितळ परत आणता येत नाही.

त्याच दांड्यावर दुसरी चकती असते, हवेच्या झडपेची. ती झडप उघडते-मिटते आणि त्यातून किलबिलीचे तुकडे पडतात. एक चकती सूर ठरवते, दुसरी लय. तिच्या काठाला बारीक दाते एकाशेजारी एक आले की पाखराच्या आवाजात कंप येतो. चोच, शेपूट, पंख यांच्या चकत्याही शेजारीच, म्हणून प्रत्येक सुराला चोच बरोबर उघडते. जिवंत पक्ष्यांमध्येही वरच्या सुराला चोच जास्त उघडते असं अभ्यासकांना अनेक जातींत दिसलं आहे. डोळ्यांना हे पाखरू इतकं खरं वाटतं, त्यात या जुळणीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे भाता. तो दुहेरी असतो, आपल्या बाजाच्या पेटीसारखाच. एक हवा ओढून ढकलतो, दुसरा ती साठवून एकसारख्या दाबाने सोडतो. तसं नसतं तर पाखरू गाताना धापा टाकत राहिलं असतं. वेगाचं दुखणं वेगळं. चावी भरल्यावर कमान जोरात ओढते आणि उलगडत गेली की तिचा जोर उतरतो. त्यावर जुन्या घड्याळजींचा उपाय होता शंकूच्या आकाराची चकती आणि तिच्यावर गुंडाळलेली इवलीशी साखळी. कमान जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या भागावरून ओढते, जोर उतरला की रुंद भागावरून. त्यामुळे चाकांना मिळणारी ओढ शेवटपर्यंत सारखी राहते.

पाखराच्या अंगावर खरी पिसं असत, बऱ्याचदा अमेरिका खंडातल्या हमिंगबर्डची. मोरपिसासारखा यांचा चमकता रंगही रंगद्रव्यापेक्षा पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून उमटतो. त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही ही पाखरं झळकतात. त्या काळी किती हमिंगबर्ड मारून युरोपात नेले गेले हे आठवलं की मात्र मन खट्टू होतं. आज त्यांच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आहेत. दुरुस्ती करणाऱ्यांना बहुधा इतर पक्ष्यांची रंगवलेली पिसं वापरावी लागतात.

जाके-द्रोंसाठी ही यंत्रं घडवणाऱ्यांत जाकोब फ्रिसारचं नाव येतं. नंतर रोशा बंधूंनी तर घोडा ओढला की नळीच्या तोंडातून पाखरू बाहेर येऊन गाणारी पिस्तुलं केली. 19व्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये ब्लेज बोंताँचा कारखाना उभा राहिला. गाणं खऱ्या पक्ष्याच्या जवळ नेण्यासाठी त्याच्या घराण्याचं नाव झालं, आणि ते काम तीन पिढ्या चाललं. पुढे बोंताँचा वारसा स्वित्झर्लंडच्या सँत-क्र्वामधल्या, 1865 पासून चालत आलेल्या र्‍यूज कंपनीकडे गेला. 2020 मध्ये युनेस्कोने ज्युरा भागातल्या घड्याळकामाची आणि यंत्रकलेची कारागिरी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

जुनी पेटी दुरुस्तीला येते तेव्हा पितळ सहसा ठणठणीत असतं. वय झालेलं असतं ते भात्याचं. त्यावरचं चामडं किंवा आतड्याचं पातळ अस्तर सुकून घड्यांवर चिरतं. (वर्ख कुटणारे ज्या पापुद्र्यांत सोनं ठेवून ठोकतात, त्याच जातीचं हे अस्तर.) पाखरू उठतं, चोच हलवतं, सगळं वेळेवर करतं, पण आवाजाऐवजी नुसती फुसफुस येते. दुरुस्ती करणारा जुना पापुद्रा खरवडतो, नवा घडी घडी करून चिकटवतो आणि मग साठ्याच्या भात्यावरची बारीक स्प्रिंग वाकवत बसतो. दाब कमी झाला तर सुरात वारा येतो, जास्त झाला तर शिट्टी उडी मारून भलत्याच वरच्या सुरावर जाते. चावी द्यायची, ऐकायचं, स्प्रिंग किंचित वाकवायची, पुन्हा चावी द्यायची. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर न फाटता लागला की तो पेटीचं झाकण बसवायला घेतो.