बायनरी सर्च नेहमीच वेगवान असतो का?

जळगाव-धुळ्याकडे परीक्षा जवळ आली की नोट्ससोबत एक वाक्य फिरतं: ‘बायनरी सर्च लिनियरपेक्षा नेहमीच वेगवान.’ असं वाटणं साहजिक आहे, कारण उदाहरणातली यादी आधीच क्रमाने लावलेली असते. लिनियर सर्च म्हणजे यादी सुरुवातीपासून एकेक करून तपासणं; बायनरी सर्च म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधली नोंद बघून दर वेळी निम्मी यादी सोडून देणं.

समजा, रावेरच्या केळीगाड्यांच्या १००० वजनपावत्या कशाही क्रमाने पडल्या आहेत. एखादं वजन लिनियरने शोधायला जास्तीत जास्त १००० तुलना. बायनरीला १० पुरतात, पण आधी यादी वजनाच्या क्रमाने लावायला मर्ज सॉर्टला (यादीचे अर्धे-अर्धे भाग क्रमाने लावून ते जोडणारी पद्धत) वाईटात वाईट ८९७७ तुलना लागतात. एकदाच शोधायचं तर लिनियरच बरा! सगळीकडे वाईटात वाईट स्थिती धरली, तर एकूण हिशेबात दहाव्या शोधाला बायनरी पुढे जातो.

प्रोग्राममध्ये प्रत्येक तुलनेला काउंटर एकने वाढवून बघा. सॉर्टिंगमधल्या तुलनाही धरा, गफलत नेमकी तिथेच होते.