एक रुपयाचं नाणं आणि उंदरांचा सापळा

मुंबईतल्या जुन्या चाळींत उंदीर पकडायचा पिंजरा अजून तोच आहे. तारेची पेटी, स्प्रिंगचं दार, आत आकड्याला टोचलेला भजीचा नाहीतर सुक्या बोंबलाचा तुकडा. उंदरानं आकडा ओढला की दार धाडकन बंद. काम चोख, पण रात्रीतून एकदाच. पहिला उंदीर अडकला की बाकीच्यांना मोरीपासून माळ्यापर्यंत रान मोकळं. घरातल्या उंदराची मादी गाभण राहिल्यापासून तीनेक आठवड्यांत विते आणि एका वेतात पाच ते आठ पिल्लं सहज होतात. रोज एक पकडून हा हिशेब जुळणं कठीण. शिवाय पिंजरा पुन्हा लावायला माणूस लागतो, आणि रात्री दोन वाजता तो उठत नाही.

मग सापळ्यानं स्वतःच स्वतःला पुन्हा लावून घ्यावं, असं वाटणं साहजिक आहे. इथं पहिला प्रश्न यंत्राचा नाही, ऊर्जेचा आहे. दार आपटतं ते स्प्रिंगमध्ये साठवलेल्या ऊर्जेवर, आणि ती भरलेली असते आपल्या बोटांनी. एकदा ती खर्च झाली की पुन्हा कोण भरणार?

उंदीर भरेल का? गणित करून पाहू. लाकडी पट्टीवरच्या स्प्रिंगच्या सापळ्याची दांडी मागे ओढायला सरासरी ५ न्यूटन बळ लागतं आणि ती १२ सेंटिमीटरच्या कमानीतून फिरते असं धरलं, तर ०.६ जूल ऊर्जा साठते. पंधरा ग्रॅमचा उंदीर १० सेंटिमीटर खाली पडला तर त्याच्याकडून मिळतात ०.०१५ जूल. म्हणजे एक स्प्रिंग ताणायला चाळीस उंदीर पडावे लागतील, तेही कणभर ऊर्जा वाया न घालवता. आपटणारा आणि स्वतःच सज्ज होणारा सापळा हवा असेल तर ऊर्जा बाहेरूनच आणावी लागते. न्यूझीलंडमधल्या गुडनेचर कंपनीचा ए२४ नावाचा सापळा हेच करतो. त्यात १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची दाबाखालची छोटी नळकांडी असते आणि ती २४ फटक्यांना पुरते.

ज्याच्यावर वार झाला त्याच्याकडूनच, किंवा वाराच्या धक्क्यातूनच, पुढच्या वाराची तयारी करून घ्यायची ही कल्पना जुनी आहे. हायरम मॅक्सिमनं १८८४ साली गोळीच्या उलट्या धक्क्यावर पुढची गोळी भरणारी मशीनगन केली. हाच मॅक्सिम उंदरांच्या सापळ्याच्या पेटंटचाही धनी होता.

घरच्या घरी करायचं तर आपटण्याचा नादच सोडावा. उंदराला मारायचं नाही, नुसतं पाडायचं. पाडायला गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, आणि रिकामी फळी परत जागेवर आणायला अगदी थोडी ऊर्जा लागते. तेवढी पडणारा उंदीर जाता जाता देऊन जातो. इंग्लंडमधल्या सेल्सी गावच्या कॉलिन पुलिंजरनं १८६१ साली अशाच झुलत्या फळीच्या सापळ्याचं पेटंट घेतलं. २०१६ साली रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात त्याचा एक सापळा ठेवलेला होता. त्यात आमिष नव्हतं, कुणी तो लावलाही नव्हता. एक उंदीर त्यात शिरून मेलेला सापडला. दीडशे वर्षांनीही यंत्र चालू, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

आता आपली फळी. तीस सेंटिमीटरची प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. मधोमध खालून स्ट्रॉचा तुकडा आडवा चिकटवा आणि त्यातून सायकलचा स्पोक घाला. हा झाला टेकू. तो बादलीच्या काठावर बसवा, म्हणजे अर्धी पट्टी बादलीवर तरंगेल आणि अर्धी बाहेर राहील. बाहेरच्या टोकाजवळ, टेकूपासून १४ सेंटिमीटरवर, एक रुपयाचं नाणं चिकटवा. २०११ सालच्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. शाळेत शिकलेला तरफेचा नियम इथं लागतो: वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, म्हणजेच आघूर्ण. नाण्याचं आघूर्ण झालं साधारण ५३ ग्रॅम-सेंटिमीटर. याच जोरावर पट्टीचं बाहेरचं टोक खाली टेकून राहतं आणि उंदीर पडून गेल्यावर परतही येतं.

पंधरा ग्रॅमचा उंदीर टेकू ओलांडून साडेतीन सेंटिमीटर पुढे गेला की त्याचं आघूर्णही ५३ होतं. पट्टी कलायला लागते, आणि गडबड इथेच होते. ती हळूहळू कलते, उंदराला पायाखाली हललेलं जाणवतं आणि तो मागच्या पावली परत जातो. एकदा दचकलेला उंदीर पुन्हा त्या वाटेला यायला वेळ लावतो.

फळीनं कुरकुरत कलायला नको. आधी अजिबात हलू नये, मग एकदम सुटावं. यासाठी एक छोटा चुंबक पुरतो. एक रुपयाचं नाणं लोखंडी जातीच्या स्टेनलेस स्टीलचं असल्यामुळे चुंबकाला चिकटतं. पाचाचं पिवळं नाणं चिकटत नाही, म्हणून इथं रुपयाच हवा. नाण्याचं टोक जिथं टेकतं तिथं खाली चुंबक बसवा आणि ओढ जास्त झाली तर मध्ये कागदाचे थर चिकटवत जा. सात ग्रॅम वजनाइतकी ओढ ठेवली की तिचं आघूर्ण ९८ भरतं. नाण्याचं ५३ धरून एकूण १५१. आता उंदीर टेकूपासून १० सेंटिमीटर पुढे, म्हणजे बादलीच्या बऱ्यापैकी आत, येईपर्यंत पट्टी ढिम्म हलत नाही. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्यानं घटते. टोक जरा उचललं की ते ९८ जवळजवळ नाहीसे होतात आणि पट्टी पाव सेकंदात ४५ अंशांपर्यंत कलते. उंदीर पडला की नाण्याच्या वजनानं टोक परत येतं आणि चुंबक त्याला पुन्हा धरतो. चाचणीला उंदीर लागत नाही: एक रुपयाची चार नाणी म्हणजे पंधरा ग्रॅम. ती दहा सेंटिमीटरवर ठेवून पट्टी सुटते का आणि परत बसते का ते बघा.

या मांडणीत फुकटची एक चाळणी मिळते. १५१ भागिले १४ म्हणजे पावणेअकरा ग्रॅम. त्याहून हलकं काहीही अगदी टोकापर्यंत गेलं तरी सापळा सुटत नाही. तीन-चार ग्रॅमची छोटी पाल खुशाल येऊन जाऊ शकते, झुरळाचा तर प्रश्नच नाही.

आमिष मात्र पट्टीवर ठेवू नये, आणि बहुतेक घरगुती सापळे इथेच फसतात. पाच ग्रॅमचा भजीचा तुकडा टोकाला ठेवला की त्याचंच आघूर्ण ७०. म्हणजे परत आणणाऱ्या ५३ पेक्षा जास्त. पट्टी एकदा कलली की वर येणारच नाही. आमिष बादलीच्या पलीकडच्या काठाला टांगावं, पट्टीच्या टोकापासून थोडं लांब. जवळा असेल तर उत्तम, शाकाहारी घरात शेंगदाण्याचं कूट. पट्टीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर गोणपाट चिकटवलं तर पाय धरतात आणि उंदीर बिनधास्त चढतो. बादलीवरचा अर्धा भाग गुळगुळीतच ठेवायचा. चढायला एक उतरती फळी लागेल, ती भिंतीलगत लावा. उंदीर मोकळ्या जमिनीवरून जात नाही, मिशा भिंतीला लावून कडेकडेनं जातो.

मुंबईत या यंत्राची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. लाकडी फळी आणि लोखंडी खिळा मे महिन्यात झकास चालतात. जुलैत लाकूड फुगून खिळा आवळतं, खिळ्यावर गंज चढतो आणि फळी कललेली तशीच राहते. प्लास्टिक आणि स्टेनलेस स्पोक घ्यायचा तो यासाठी. आस जितका बारीक तितकं घर्षणाचं आघूर्ण कमी. दोन मिलिमीटरच्या स्पोकवर ते एखाद्या ग्रॅम-सेंटिमीटरइतकंच भरतं, सेंटिमीटरभर जाडीच्या दांडीवर त्याच्या पाचपट. परत आणणारं बळ इतकं तुटपुंजं असताना असा एकेक ग्रॅम मोलाचा.

हे सगळं कटकटीचं वाटत असेल तर पट्टीऐवजी पाण्याची रिकामी बाटली आडवी घेऊन तिच्यातून तार ओवा आणि ती बादलीवर टांगा. उंदीर बाटलीवर पाय ठेवतो, ती फिरते, तो पडतो. गोल वस्तूला मूळ जागा अशी नसतेच, त्यामुळे परत येण्याचा प्रश्नच मिटतो. मला स्वतःला हा उपाय पट्टीपेक्षा हुशारीचा वाटतो, फक्त त्यात पालीला सोडून देणारी चाळणी नाही.

उंदीर फूटभर सरळ उडी मारतो, त्यामुळे अंघोळीची बादली अपुरी पडते. दीड-दोन फूट उंचीचं पाण्याचं पिंप बरं. आत पाणी भरायचं नाही. तासन्‌तास पोहून बुडणं हे चिकटपट्टीवर तडफडण्याइतकंच क्रूर आहे. तीन-चारशे ग्रॅमची घूस मात्र या सापळ्याचं गिऱ्हाईक नाही. ती आली तर पट्टीच मोडेल. मोठे उंदीर नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्याकडे फिरकतही नाहीत. त्यांच्यासाठी महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात, ते काम अजून तरी कुठल्या तरफेला जमलेलं नाही.

पिंप रोज सकाळी बघायचं, हातमोजे घालूनच. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पसरतात, म्हणून पिंप ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचं. आत कधी लांब टोकदार नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री सापडली तर तिला बाहेर सोडा. ती उंदरांच्या कुळातली नाहीच आणि झुरळं खाते. पण वजन तीस ग्रॅमच्या पुढे असल्यामुळे पावणेअकरा ग्रॅमची चाळणी तिला सोडणार नाही, ती पिंपात पडणारच. तिला सतत खायला लागतं, रात्रभर उपाशी राहिली तर सकाळपर्यंत जगेलच असं नाही. म्हणून पिंपाच्या तळाशी थोडा जवळा टाकून ठेवावा.