बिजागरीतला गंज आणि रात्रभराचं तेल

रत्नागिरीला मामांच्या अंगणात एक प्रीमियर पद्मिनी बारा पावसाळे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, तेव्हा गाडं इंजिनाआधी दारापाशीच अडलं. बिजागरीचे स्क्रू हलेनात. मी होतं नव्हतं ते बळ लावलं आणि एका स्क्रूच्या डोक्यावरची फुली पार गुळगुळीत करून ठेवली. मामा शांतपणे म्हणाले, "भाच्या, आधी चहा पिऊन ये."

गंज म्हणजे लोखंडावरचा नुसता तपकिरी लेप नव्हे. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पाणी धरून बसलेला गंज तर सहापटीपर्यंत फुगतो. स्क्रूचे आटे आणि भोकातले आटे यांच्यामधली फट केसाएवढी. तिथे फुगणारा गंज दोन्हीकडे पाचरीसारखा रेटा देतो. त्यात कोकणचा खारा वारा. गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते.

मग जोर लावला तर काय बिघडतं? पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १२ मिलिमीटरचा बोल्ट जेवढा पीळ सोसतो, त्याच्या फक्त आठवा भाग ६ मिलिमीटरचा स्क्रू सोसतो. चाकाचा नट पान्याला पाइप लावून सुटतो, म्हणून दाराच्या स्क्रूवर तोच प्रयोग केला तर तो तुटणारच.

मामांनी तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. तेल फटीत शिरतं ते केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत चढतं तसं. त्याचा हिशेब एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडला: शिरलेली खोली वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वेळ, दहापट खोल जायला शंभरपट. फट जितकी अरुंद आणि तेल जितकं घट्ट, तितका उशीर. म्हणून ग्रीस इथे कुचकामी, तेल पातळच हवं. प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये मुळात पाणी हटवायला बनवला होता. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. गंज सोडवण्यासाठीच बनवलेली तेलं या कामाला जास्त बरी, असं माझं मत.

तेलाला वाट करून देते हातोडी. गंज ठिसूळ असतो, स्क्रूच्या डोक्यावर नेमके, बेताचे ठोके दिले की त्याला बारीक तडे जातात. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकून वळवायचा पेचकस, त्याची गंमत हीच, की एकाच ठोक्यात तो फुलीत रुतूनही बसतो आणि वळतोही.

उष्णतेचाही उपयोग होतो. १० मिलिमीटर पोलाद ३०० अंशांनी तापवलं तर जेमतेम ०.०३६ मिलिमीटर वाढतं. पण फटच एवढीशी, त्यामुळे तेवढ्यानेही गंजाची पकड मोडते. मात्र तेल सोडलेल्या जागी किंवा पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत नेऊ नये, हे सांगायला नकोच.

बिजागरीच्या खिळीचं दुखणं वेगळं. दाराचं सगळं वजन तिच्यावर असतं, त्यामुळे गंज नसला तरी ती अडते. मामांनी दाराखाली लाकूड ठेवून जॅक लावला, भार उचलला आणि मगच खालून खिळी ठोकली.

तिसऱ्या दिवशी पहिला स्क्रू आधी किंचित आवळला, मग सैल केला. 'कट्' असा आवाज आला. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेलाचा थेंब. लालसर चिखल बाहेर येत राहिला. एक सोडून सगळे निघाले. माझ्या हातून फुली गेलेला तेवढा ड्रिलने पोखरावा लागला.